चालती वाट

मंगळवारी दहा ते बारा
टॉडमॉर्डनच्या वाचनालयात मी बसते,
बिनपगारी, हीटरजवळच्या टेबलाशी.
लोक लॅपटॉप घेऊन येतात,
आजारी मांजर दवाखान्यात न्यावं तसे,
टॉवेलात गुंडाळून.

मी सगळ्यांना एकच औषध देते.
तोच एक ब्राउझर उतरवून घेते.
“यापुढे नेहमी हाच वापरायचा?” तो विचारतो,
आणि त्यांच्या वतीने मी हो म्हणते.
चार वर्षांत किती हो म्हटले असतील,
मी मोजले नाहीत.
कुणीतरी मोजतंय, एवढं नक्की.

मार्चमध्ये डेरेक हॅलोवेल आले.
ऐंशीच्या पुढचे, बुटांना ओला चिखल,
बसच्या पासाचा अर्ज भरायचा होता.
त्यांच्याकडे तो दुसरा ब्राउझर, लहानसा,
ज्याचं नाव ऐकून माझा मुलगा म्हणतो, “अजून आहे तो?”
कौन्सिलचं पान त्यात अर्धंच उघडलं.
‘पुढे’ असं बटण दिसत होतं,
दाबलं जात नव्हतं.

मी म्हटलं, बदलून टाकू, दोन मिनिटांचं काम.
ते म्हणाले, नको.
मी म्हटलं, सगळे तोच वापरतात.
ते म्हणाले, म्हणूनच.

मला जरा रागच आला.
मागे मिसेस सटक्लिफ घड्याळ बघत होत्या.
म्हटलं, कंपनी एवढी माजली
त्यात तुमचा-माझा काय दोष?
कोर्टं आहेत, सरकार आहे,
एका माणसाच्या हट्टाने कुठे हत्ती हलतो?
(हे शेवटचं इंग्रजीत नीट आलं नाही.)

ते वाद घालेनात. फोनवर फोटो दाखवला:
धरणामागचं कुरण, रचीव दगडांचं कुंपण,
ते ओलांडायला तीन पायऱ्या
आणि कमरेइतकी माजलेली नेटल.
“ही वाट सगळ्यांची आहे,” म्हणाले, “कागदावर.
पण कुणी चाललंच नाही तर झाडोरा वाढतो,
कुणीतरी फाटकाला साखळी घालतं,
मग लोकच म्हणतात, इथून जातं कोण?
मी जातो. वर्षातून दोनदा. कात्री घेऊन.”
“कुठे जाते ती?”
“विशेष कुठे नाही. मेंढ्या आहेत.”

मी त्यांना सांगितलं नाही
की लीड्सला नोकरीत होते तेव्हा
असलीच पानं मी तपासायचे. नऊ वर्षं.
यादीत आधी पाच ब्राउझर होते,
मग तीन,
मग एका शुक्रवारी, घरी जायच्या घाईत, एकच.
बाकीच्यांपुढे मी लिहिलं: वापरणारे नगण्य.
नगण्य, म्हणजे मोजायची गरज नाही असे.
कदाचित हेच बटण.

मिरजेच्या शाळेत फळ्यावर सुविचार असायचा,
गाव करी ते राव न करी.
तेव्हा तो धीर द्यायला लिहिलेला वाटे.
आता हीटरपाशी बसून उलटा ऐकू येतो.
रावाने पैसे पेरले, आडवाटा बुजवल्या,
त्याचा हिशोब त्याने द्यावा, सुटका नको त्याला.
पण रोज उठून मुजरा कुणी केला?
एका बोटाने,
चहा गार व्हायच्या आत?

अर्ज शेवटी कागदावर भरला.
खालच्या कपाटात एक प्रत सापडली, जुन्या शिक्क्याची.
हॅलोवेल यांनी पेनाचं टोपण काढायला फार वेळ घेतला
आणि मला तो वेळ बरा वाटला.

मग मिसेस सटक्लिफ. टॉवेल उलगडला.
“यापुढे नेहमी हाच वापरायचा?”
पहिल्यांदाच मी तो प्रश्न मोठ्याने वाचला
आणि बोट उचलून थांबले.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या.
“मला काय ठाऊक, बाई,” म्हणाल्या,
“तू म्हणशील तो.”